साठीनंतर कराटे किंवा ताई ची शिकताय? या चुका टाळा

गुडघा दुखू लागला की दोष वयाला दिला जातो. बहुतेक वेळा चूक पावलात असते. ताई ची या संथ चिनी युद्धकलेत दिशा बदलताना सगळं वजन ज्या पायावर आहे तोच पाय जागेवर वळवला, तर पंजा जमिनीला चिकटून राहतो आणि पीळ गुडघ्यात उतरतो. आधी वजन मागच्या पायावर घ्या, पुढचा पाय टाचेवर फिरवा, मगच वजन परत पुढे आणा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच वाकावा, बोटांच्या पुढे जाऊ नये. तरीही दुखत असेल तर गुडघे कमी वाकवून दोन-तीन इंच उंच उभे राहा. खोल बैठक तरुणांना शोभते.

तोल जातोय? पावलं बघा. दोरीवर चालल्यासारखी ती एका रेषेत पडत असतील, तर डावं-उजवं अंतर खांद्यांइतकं ठेवा. सुरुवातीला खुर्चीची पाठ हाताशी असू द्या.

ठोसा मारताना श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. ठोशासोबत श्वास सोडा. बीटा ब्लॉकर (रक्तदाब किंवा हृदयासाठीच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी नाडीवर विसंबू नये, कारण या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. सराव करताना वाक्य पूर्ण बोलता येतं का, ही साधी कसोटी पुरे. गुडघ्यावर बसून नमस्कार केल्यावर झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येते. उभ्यानेच नमस्कार करा. मधुमेहाने तळवे बधिर असतील तर अनवाणी सरावाचा हट्ट नको, पातळ तळाचे बूट घाला. हाडं ठिसूळ असतील तर ज्युदोतलं पडणं आणि कोलांट्या वर्ज्यच.

मेंदूसाठी म्हणून येणारे वेगळीच चूक करतात. एकच काता (कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम) पाठ करून ती वर्षानुवर्षं घोटतात. अंगवळणी पडलेल्या हालचालींना फारसं लक्ष लागत नाही. तैक्योकु शोदान या सुरुवातीच्या काताच्या २० हालचाली बसल्या की दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून ती करा, मधूनच सुरू करा, प्रत्येक हालचालीचं नाव मोठ्याने म्हणा. चुकायला लागलात तर बरंच आहे! ताई चीचा १९५६ साली बेतलेला २४ हालचालींचा संचही असाच शिका: एका वेळी दोन-तीन हालचाली, आणि पुढच्या वर्गात आधी मागच्या, शिक्षकाकडे न बघता.

आठवड्यातून एकदाच दोन तास झिजण्यापेक्षा तीन दिवस अर्धा-अर्धा तास करा. जागतिक आरोग्य संघटनाही ज्येष्ठांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस सांगते. छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर मात्र त्या दिवशी सराव तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.