सर्फबोर्डच्या फिनचा आराखडा: कुठे शोधावा, कसा वाचावा

गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरून कोकणात सर्फिंगला जाणाऱ्या कोल्हापूरकरांपुढे एक अडचण हटकून उभी राहते. बोर्ड कसाबसा मिळतो, पण त्याची फिन, म्हणजे शेपटाखालचे उभे पाते, तुटली की तशीच दुसरी इथल्या बाजारात सहज मिळत नाही. ती बाहेरून मागवता येते, तशी इथे बनवूनही घेता येते. शिवाजी उद्यमनगरात ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या कारागिरांचा हात अशा कामाला बसलेलाच असतो. मात्र त्यांच्याकडे जाण्यापूर्वी पूर्ण आराखडा हाती हवा. त्यात केवळ बाह्याकार असून भागत नाही, जाडीचा उतारही लागतो, आणि बहुतेकांचे काम नेमके तिथेच फसते.

आधी प्रकार ठरवावा. अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये हवाईतील वायकीकी येथे बोर्डाखाली पहिली फिन बसवली, ती बोर्डाचे शेपूट लाटेवर आडवे घसरू नये म्हणून. पुढे मार्क रिचर्ड्स दोन फिनच्या बोर्डांवर १९७९ ते १९८२ असे सलग चार वेळा जगज्जेते झाले, तर सायमन अँडरसन यांनी तीन फिनची रचना पुढे आणून १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचची स्पर्धा जिंकली. आजचे आखूड बोर्ड बहुतांशी तीन फिनचेच असतात. लांब बोर्डाला एक मोठी फिन पुरते, आणि तिथे बोर्ड जितके फूट तितके इंच फिन, म्हणजे ९ फुटी बोर्डाला ९ इंची, हा ढोबळ हिशेब चालतो.

आराखड्यात पायाची, म्हणजे बोर्डाला टेकणाऱ्या कडेची, लांबी, उंची आणि टोकाचा मागे झुकाव ही तीन मापे प्रथम पाहावीत. लांब पाया वेग धरून ठेवतो, जास्त उंची पाण्यात पकड देते, आणि झुकाव जितका जास्त तितके वळण लांबट होते. सरळ उभी फिन जागच्या जागी वळते. आखूड बोर्डाच्या मध्यम फिनचा पाया आणि उंची दोन्ही साधारण ११ ते १२ सेंटिमीटर असतात. ही मापे एफसीएस आणि फ्युचर्स या दोन मोठ्या उत्पादकांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक फिनसमोर दिलेली असतात, आणि सुरुवात तिथूनच करावी असे मला वाटते. बैठकीची, म्हणजे फिन बोर्डात जिथे बसते त्या भागाची, रचना समजून घ्यायची असेल तर गूगल पेटंट्सवर शोध घ्यावा, कारण पेटंटसोबत आकृत्या जोडलेल्या असतात. थिंगिव्हर्ससारख्या ठिकाणी त्रिमितीय फाइल मोफत मिळतात. शाबूत फिन हाताशी असेल तर ती आलेख कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलने कड उतरवणे हे सगळ्यांत खात्रीचे.

जाडीचा उतार मात्र असा रेखून मिळत नाही. बाजूच्या फिनची आतली बाजू सहसा सपाट आणि बाहेरची फुगीर असते. मधल्या फिनच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. पुढची कड गोलसर ठेवून, पुढून साधारण एक तृतीयांश अंतरावर सर्वांत जास्त जाडी देऊन मागे निमुळते होत जायचे असते. मधल्या फिनसाठी अमेरिकेच्या नाका (NACA) या विमानविद्या संशोधन संस्थेने १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेले विमानाच्या पंखांचे छेद उपयोगी पडतात, आणि त्यांचे बिंदू इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात मोफत उपलब्ध आहेत. ‘०००६’ या छेदाची जाडी रुंदीच्या ६ टक्के असते, म्हणून १५ सेंटिमीटर पायाला ती ९ मिलिमीटर येते.

पहिली फिन मरीन प्लायची करावी. कानस आणि पॉलिश पेपर चालवताना प्लायचे थर एकेक करून उघडे पडतात आणि नकाशावरील समोच्च रेषांसारखे पट्टे दिसू लागतात. दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे वळत असतील तर उतार बरोबर उतरला आहे. एखादा पट्टा मध्येच रुंदावला असेल तर तिथे लाकूड जास्त खाल्ले गेले आहे. आकार साधला की वरून फायबर ग्लासचे कापड इपॉक्सीत बसवावे. त्रिमितीय छपाईची पीएलए फिन मी केवळ माप जुळते का हे पाहण्यासाठी वापरीन, कारण ते प्लास्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि उन्हातल्या बंद गाडीत वाकू शकते.

बैठकीत घाई करू नये. एफसीएसच्या फिनला खाली दोन दाते असतात, फ्युचर्सच्या फिनला एकच लांब पट्टी असते, आणि लांब बोर्डाच्या खाचेत फिन पुढे-मागे सरकवून स्क्रूने आवळतात. बाजूच्या फिनचा बाहेरचा कल कधी खाचेत दिलेला असतो, कधी फिनमध्येच, म्हणून वर्नियरने खाच मोजताना कोनही तपासावा. फिन विकण्याचा विचार असेल तर मूळ आकाराची नोंदणी पाहून घ्यावी, कारण भारतात २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणीकृत आकाराला १० वर्षे आणि मुदत वाढवल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण असते. शेवटचा हात फिरवताना मागची कड सुरीसारखी पातळ होऊ देऊ नये. सुमारे एक मिलिमीटर जाडी राखून ती गोलसर घासावी, कारण पडल्यावर बोर्ड उलटून अंगावर येतो तेव्हा जखम याच कडेने होते.