हुशार लहान मुलासाठी गणिताची आणि व्याकरणाची पुस्तकं निवडताना

घरी शिकवायचं ठरलं की नवे पालक हमखास विचारतात, "मूल सहा वर्षांचं आहे, पण तिसरीची गणितं करतं. तिसरीचं पुस्तक घेऊ का?" माझं म्हणणं असं, की इयत्ता थोडी बाजूला ठेवा आणि मूल नेमकं कुठे अडखळतं ते आधी बघा. हुशार मूल सगळ्याच बाबतींत सारखं पुढे असतं असं नाही. आमच्या मुलीचं डोकं भराभर चालायचं, पण पेन्सिल हातात घेतली की चार ओळींत हात दुखायचा. तिसरीचं पुस्तक आठ-नऊ वर्षांच्या हाताच्या मानाने बेतलेलं असतं. चौकटी लहान, अक्षर बारीक, पान गच्च. मूल कंटाळलं की आपल्याला वाटतं गणित झेपत नाही, आणि झेपत नसतं ते लिहिणं. यावर सोपा उपाय आहे. उत्तर मुलाने सांगायचं, लिहायचं आपण. अक्षर गिरवण्याची वेळ वेगळी ठेवायची, ती गणितात मिसळायची नाही.

पातळी ठरवायला बरेच प्रकाशक आपल्या संकेतस्थळावर चाचण्या फुकट देतात. त्या जरूर घ्या, पण नुसते गुण बघून निर्णय घेऊ नका. मूल उत्तर कसं काढतं ते शेजारी बसून ऐका. आठ अधिक पाच विचारल्यावर "आठला दोन दिले की दहा, पाचातले उरले तीन, म्हणून तेरा" असं ते सांगत असेल तर पुढे जायला हरकत नाही. बोटांवर एकपासून मोजत असेल तर सुरुवात तिथूनच करायची, मग भले त्याला बाराचा पाढा तोंडपाठ असो. पाढ्यांनी मोठ्यांची फार फसगत होते. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला पाढे छान, पण त्यावरून समज कळत नाही.

आता पुस्तकांकडे. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एकात एक विषय धरून तो पक्का होईपर्यंत सोडत नाहीत, दुसऱ्यात रोज थोडं नवं आणि बरीचशी जुन्याची उजळणी. सॅक्सन या अमेरिकन गणितमालेची पुस्तकं दुसऱ्या प्रकारची. ज्या मुलाला एकदा सांगितलेलं पुरतं, त्याला ही उजळणी नकोशी होते. तेच पुस्तक वापरायचं असेल तर निम्मी उदाहरणं बेधडक गाळा. पान पूर्ण झालंच पाहिजे हा आग्रह आपला असतो, पुस्तकाचा नाही.

आमच्या गणिताचा कणा ठरली ती सिंगापूर पद्धत. सिंगापूरच्या शिक्षण खात्याने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आपली प्राथमिक गणिताची पुस्तकं नव्याने केली, त्यातून ही पद्धत जगभर गेली. आधी हातात वस्तू, मग चित्र, मग आकडे, असा तिचा क्रम. मुळात ही मांडणी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारांवरून घेतलेली. हुशार मुलाचे पालक यातली पहिली पायरी हटकून गाळतात, कारण मुलाला आकडे येत असतात. माझा अनुभव उलटा आहे. अवघड प्रश्न लहान वयात हाताळता येतात ते वस्तूंमुळेच.

एक उदाहरण देते. दोन मुलांकडे मिळून 20 गोट्या आहेत, एकीकडे दुसऱ्यापेक्षा 6 जास्त आहेत, तर प्रत्येकाकडे किती? मोठी मुलं इथे क्ष मानून समीकरण मांडतात. आमच्याकडे क्विझनेअर पट्ट्या होत्या. जॉर्ज क्विझनेअर या बेल्जियन शिक्षकाने काढलेल्या या रंगीत पट्ट्या 1 ते 10 सेंटीमीटर लांबीच्या असतात, प्रत्येक लांबीला ठरलेला रंग. मुलीने दोन नारिंगी पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या, म्हणजे वीस. त्यांच्या खाली एका टोकाला गडद हिरवी, सहाची. उरलेल्या जागेत एकाच रंगाच्या दोन पट्ट्या बसवायच्या होत्या. तपकिरी लावून बघितल्या, त्या बाहेर आल्या. काळ्या लावल्या आणि अगदी चपखल बसल्या. काळी सातची. "एकाकडे सात, दुसरीकडे सात आणि हे हिरवे, म्हणजे तेरा." पुढे याच पट्ट्या कागदावर चौकोन होऊन येतात आणि शाब्दिक उदाहरणांची भीती उरत नाही.

कण्याला जोड म्हणून डोकं खाजवायला लावणारं एक पुस्तक हवंच. बीस्ट अकॅडमी हा संच चित्रकथेच्या रूपात आहे, त्यातली राक्षसांची पिल्लं आपसांत वाद घालत गणित करतात. भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे सुरुवातीला आपण वाचून मराठीत सांगावं लागतं. त्यातली काही कोडी मोठ्यांनाही अडवतात, आणि ते चांगलंच आहे. ज्या मुलाला सगळं पटकन येतं, त्याला "अजून जमलं नाही" या अवस्थेत थोडा वेळ बसायची सवय नसते. पहिल्यांदा रडारड होते. एका बैठकीला एकच कोडं ठेवा आणि ते उद्यावर टाकायची मुभा द्या.

नमुना पानं चाळताना मी दोनच गोष्टी बघते. चित्र काढून टाकलं तर गणित समजायला अडेल का? अडत नसेल तर ते चित्र नुसती सजावट आहे. आणि उत्तरसूचीत फक्त उत्तर आहे की रीतही? रीत नसेल तर वर्षभरात आपलीच दमछाक होते.

व्याकरणाला मात्र फारसं साहित्य लागत नाही. रोज दहा मिनिटं, तीही तोंडी, पुष्कळ झाली. आठ शब्दजातींची यादी पाठ करून घेणारं पुस्तक या वयाला मी घेणार नाही. "मागे" ही कोणती शब्दजात, असं नुसतं विचारणारा स्वाध्याय दिसला तर पुस्तक मिटा. "तो मागे गेला" यात ते क्रियाविशेषण, "घरामागे" यात शब्दयोगी. शब्दाचं काम वाक्याशिवाय ठरत नाही, आणि हे दाखवणारं पुस्तक ते चांगलं पुस्तक.

आम्ही चिठ्ठ्यांवर शब्द लिहून वाक्यं मांडायचो. मुलगा गोष्ट वाचतो, मुलगी गोष्ट वाचते. क्रियापद कोणाचं ऐकतं? कर्त्याचं. मग "मुलाने गोष्ट वाचली" ठेवलं. मुलाच्या जागी मुलगी आणली तरी "वाचली" हलेना, पण गोष्टीच्या जागी पत्र येताच "वाचलं" करावं लागलं. इथे कर्माची सत्ता. शेवटी "मुलीने मुलाला शिकवलं." मुलाच्या जागी बहिणीला आणलं, आईला आणलं, क्रियापद ढिम्म. "हे कोणाचंच ऐकत नाही!" असं मुलगी म्हणाली, तेव्हा कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं सांगितली. आधी नावं आणि मग उदाहरणं हा बहुतेक पुस्तकांतला क्रम आपण उलटा करून वापरू शकतो.

इंग्रजीसाठी रीड आणि केलॉग या अमेरिकन शिक्षकांनी 1877 मध्ये प्रचारात आणलेली वाक्याच्या आकृत्यांची पद्धत गणितप्रेमी मुलांना भावते. आडव्या रेघेवर कर्ता आणि क्रियापद, मध्ये उभी रेघ, विशेषणं खाली तिरकी लटकलेली. कोडं सोडवल्यासारखं काम असतं.

खरेदीबद्दल एवढंच, की वर्षाचा संच एकदम घेऊ नका. सिंगापूरची पुस्तकं बहुधा प्रत्येक पातळीला दोन भागांत येतात, आधी एकच भाग मागवा. असं मूल अर्ध्यावरच पुढच्या पातळीत उडी मारतं, किंवा अपूर्णांकांशी अडून महिनाभर तिथेच रमतं, आणि कपाटातला कोरा संच बघून घाई व्हायला लागते ती आपल्याला.