जुन्या स्पोर्ट्स कारच्या नट-बोल्टांचा मूळ मुलामा

जुनी गाडी नव्याने उभी करताना रंग, चामडे आणि क्रोम यांच्यावर महिनेच्या महिने विचार होतो, नट-बोल्टांचा निर्णय मात्र मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात उभ्याउभ्या पाच मिनिटांत उरकला जातो. मग बॉनेट उघडले की सगळे बोल्ट एकाच छापाचे चकाकताना दिसतात आणि जाणकाराची नजर नेमकी तिथेच अडखळते. येथे आपल्या आवडीनिवडीला फारसा वाव नाही. कोणता बोल्ट कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडला होता, याचा पुरावा बहुधा त्या बोल्टवरच शिल्लक असतो.

हा पुरावा तारेचा ब्रश लावण्यापूर्वीच पाहून घ्यावा. बोल्टच्या उघड्या डोक्यावर गंजाखेरीज काही सापडत नाही. उलट वॉशरखाली झाकला गेलेला भाग, आरपार नसलेल्या भोकात बसलेले आटे आणि डॅशबोर्डच्या मागचे स्क्रू येथे हवा पोचलेली नसल्याने मूळ थर तग धरून असतो. तो ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावा. मुलाम्यासाठी वापरलेल्या कॅडमियम या धातूचा रंग मऊ, किंचित राखाडी चांदीसारखा दिसतो. जस्तावर बहुधा थंड निळसर झाक असते. काळ्या बोल्टांतही दोन प्रकार असतात: फॉस्फेटिंगचा (पोलादावर फॉस्फेटचा थर चढवण्याचा) पृष्ठभाग खरखरीत व निस्तेज असतो, तर ब्लॅकोडायझिंगचा (रसायनाने पोलाद काळे करण्याचा) गुळगुळीत आणि तेल लावल्यावर निळसर काळा दिसतो. इंजिन जोडून झाल्यावर रंगवलेले असेल, तर बाहेरच्या बोल्टांची डोकी इंजिनाच्याच रंगाची असतात. अशा डोक्यांना नव्याने चकाकी देणे ही चूकच ठरते. प्रत्येक बोल्टचा फोटो काढून तो बोल्ट पुठ्ठ्याला भोके पाडून आपल्या जागेच्या क्रमाने खोचून ठेवावा. जुन्या कॅडमियमची धूळ आणि तापल्यावर निघणारी वाफ विषारी असते, त्यामुळे असा बोल्ट कोरडा घासू नये, ग्राइंडरवर धरू नये आणि गॅसने तापवू तर मुळीच नये.

मुलाम्याआधी बोल्ट मूळचाच आहे याची खात्री हवी. 1945 ते 1949 या काळातल्या एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनात आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे, अशी विचित्र जोडी आढळते. त्यातले 8 मिलिमीटरचे आटे 1 मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आहेत, आज सर्रास मिळणारे 1.25 चे नाहीत. ‘बसतोय ना, मग चालेल’ म्हणून दुसरा बोल्ट पिळला की ब्लॉकमधले आटे जातात. पुढच्या ब्रिटिश गाड्यांत डोक्यावर एकमेकांना चिकटलेली तीन वर्तुळे दिसली, तर ती युनिफाइड या इंची मापाच्या आट्यांची खूण समजावी. डोक्यावर उमटवलेली अक्षरे हीसुद्धा मूळ रूपाचाच भाग आहेत. ती घासून गुळगुळीत करू नयेत.

आरोग्याच्या धोक्यामुळे कॅडमियमचा हट्ट मी धरत नाही. बोल्ट आधी बारीक काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करून, ब्राइटनर (चकाकी आणणारे रसायन) कमीत कमी ठेवलेल्या बाथमध्ये जस्त चढवले आणि रंगहीन पॅसिव्हेशन (जस्तावरची रासायनिक संरक्षक प्रक्रिया) केले, तर कॅडमियमच्या पुष्कळ जवळ जाता येते. पिवळे पॅसिव्हेशन फक्त पुरावा सापडला तरच करावे. प्लेटिंगवाल्याला स्पष्ट बजावले नाही तर तो भले करण्याच्या भावनेने तेच करून ठेवतो. जाडी 5 ते 8 मायक्रॉन पुरेशी आहे, कारण आट्यांच्या पिच व्यासात (आट्यांच्या मध्यावर मोजलेल्या व्यासात) थराच्या सुमारे चौपट वाढ होते. हॉट-डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणे, तर या कामासाठी फारच जाड पडते. माल मोजून, वजन करून आणि फोटो काढूनच द्यावा. माझी एक पिशवी दुसऱ्याच कुणाच्या स्कूटरच्या बोल्टांत मिसळून परत आली होती आणि ती निवडण्यात दोन रविवार गेले.

10.9 (बोल्टच्या ताकदीचा वर्ग दाखवणारा आकडा) आणि त्यावरच्या ताकदीच्या बोल्टांबाबत तडजोड नको. आम्लात धुताना आणि विद्युत-मुलामा चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि असा बोल्ट वरून सुंदर दिसत असतानाच काही तासांनी किंवा दिवसांनी ताणाखाली अचानक तुटू शकतो. मुलामा चढल्यावर चार तासांच्या आत असे बोल्ट 190 ते 220 अंश सेल्सियसला काही तास भाजून घ्यावे लागतात. ही सोय नसलेल्या ठिकाणी स्टीअरिंग, सस्पेन्शन किंवा कनेक्टिंग रॉडचे बोल्ट देऊच नयेत. तेथे योग्य ताकदीचे नवे बोल्ट विश्वासू पुरवठादाराकडून घ्यावेत.

मुंबईच्या खाऱ्या हवेला कंटाळून अनेकजण स्टेनलेस स्टील वापरतात. त्याची झळाळी जुन्या गाडीला परकी तर वाटतेच, शिवाय त्याचे आटे एकमेकांत चिकटून जाम होतात आणि नेहमीच्या ए2-70 या स्टेनलेस प्रतीची ताकद 8.8 च्या बोल्टपेक्षा कमी असते. त्यापेक्षा जून लागण्याआधी फॉस्फेट व काळ्या बोल्टांना पातळ तेलाचा हात आणि जस्ताच्या बोल्टांना पातळ मेण द्यावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ते पुन्हा पाहावे. तेल आट्यांत गेले की त्याच टॉर्कला (कसण्याच्या पिळाच्या जोराला) बोल्टवर जास्त ताण येतो, उलट कोरड्या जस्ताचे घर्षण कॅडमियमपेक्षा अधिक असल्याने ताण कमी भरतो, म्हणून गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकातला टॉर्कचा आकडा कोणत्या स्थितीसाठी दिला आहे ते आधी वाचावे. कसताना बरोबर मापाचा रिंग पाना वापरावा. ओपन पाना वापरावाच लागला तर त्याच्या जबड्याला आतून मास्किंग टेपची एक पट्टी लावावी, नाहीतर पहिल्याच पिळाला नव्या मुलाम्यावर ओरखडा उठतो.