फायरवॉलमधून इंधनाची नळी नेताय? या चुका टाळा

स्वतः बांधत असलेल्या छोट्या विमानाच्या फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला, भोक पाडायचा दिवस येतो, तेव्हा बांधणारा बहुधा थकलेला असतो. इंजिन माउंटवर चढलेलं असतं, त्याचा आवाज ऐकायची घाई झालेली असते आणि उरलेलं काम म्हणजे ‘एक नळी इकडून तिकडे न्यायची’ एवढंच वाटतं. पण इंजिनाकडची आग आणि तुमचे पाय यांच्यामध्ये तो एक पत्राच असतो. स्टेनलेसचा असेल तर जाडी साधारण ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. प्रमाणित विमानात अपेक्षा अशी, की सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या ज्योतीपुढे तो १५ मिनिटं टिकावा. त्यात बसवलेली वस्तूही तेवढीच टिकायला हवी. म्हणून प्रत्येक भाग निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: पलीकडे जाळ असताना या जागी काय उरेल?

निळं फिटिंग

मला वारंवार दिसलेली चूक हीच. एएन या विमानाच्या प्रमाणित भागांच्या मालिकेतली बल्कहेड फिटिंग, म्हणजे भिंतीतून आरपार नळी जोडणारी फिटिंग (सरळ ८३२, काटकोनातलं ८३३), ॲल्युमिनियममध्येही मिळतात आणि स्टीलमध्येही. ॲल्युमिनियमचं निळं, हलकं आणि दिसायला देखणं. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं. आग लागली की फिटिंग गळून पडतं आणि त्या भोकातून इंधन आणि ज्वाळा दोन्हींना आत यायला वाट मिळते. भाग क्रमांकाच्या शेवटी ‘डी’ असेल तर तो ॲल्युमिनियमचा; फायरवॉलला स्टीलचंच घ्या. मागचा नटही स्टीलचा हवा. फिटिंग स्टीलचं आणि नट निळा, असा प्रकार मी पाहिलाय.

पातळ पत्र्यावर नट कसला की पत्रा खोलगट होतो आणि फिटिंग पुढेमागे हलू लागतं. तिथे स्टीलचा छोटा जोडपत्रा रिव्हेट करून घ्या. लाकडी किंवा फोमच्या गाभ्याची फायरवॉल असेल तर नट आवळताना गाभा दबतो, म्हणून मध्ये धातूची नळकांडी घाला आणि फिटिंगचे आटे तेवढ्या जाडीला पुरतात का, ते आधी बघा. भोक पाडताना स्टेप ड्रिल, कमी वेग, तेल आणि सतत दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस तिथल्या तिथे कडक होतं आणि मग पुढे काही सरकत नाही.

लाल सिलिकॉन

‘हाय टेंपरेचर’ लिहिलेली लाल सिलिकॉनची ट्यूब गॅस्केटसाठी ठीक, आगीसाठी नाही. तिची मर्यादा ३०० अंशांच्या आसपास संपते. भोकाभोवतीची फट आगरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सीलंटनंच भरा. नुसत्या रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसणाऱ्या कड्यातून) नळी नेणं तर विसराच. त्याच भोकातून वायरीही नेऊ नका.

आटे आणि फ्लेअर

नळीचं टोक जोडासाठी कर्ण्यासारखं पसरवतात, तो फ्लेअर. विमानाच्या फ्लेअरचा कोन ३७ अंश, मोटारगाड्यांचा ४५. गॅरेजमधलं हत्यार वापरून केलेला फ्लेअर घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि नंतर गळतो. फ्लेअरच्या जोडावर टेप किंवा सीलंट लावायचा नसतो, तिथे धातूवर धातू बसतो. टॅपर (निमुळत्या) आट्यांना सीलंट लागतो, पण पहिला एक-दोन आटा कोरा सोडून, नाहीतर त्याचा तुकडा थेट कार्ब्युरेटरपर्यंत जातो. जोड गळतोय म्हणून आणखी आवळत राहणं हा सर्वांत वाईट उपाय. खोलून बघा: नळीच्या टोकाला कापताना राहिलेला कंगोरा, फ्लेअरला बारीक चीर, किंवा नटाखालचा स्लीव्हच घालायचा राहिलेला.

इंजिन हलतं, फायरवॉल नाही

रबरी माउंटवरचं इंजिन सुरू आणि बंद होताना चांगलंच डोलतं. तिथपर्यंत कडक ॲल्युमिनियमची नळी नेली तर ती फ्लेअरच्या गळ्याशी चिरणारच. फायरवॉलपासून पुढे लवचिक होज हवा, त्यात लांबीच्या ५ ते ८ टक्के ढील हवी आणि त्याला पीळ नको. होजवर लांबीनं छापलेली रेघ सरळ राहिली म्हणजे पीळ नाही. वर फायरस्लीव्ह (आगरोधक बाही) चढवा आणि तिची दोन्ही टोकं बंद करा. उघडं टोक वातीसारखं तेल-इंधन शोषतं, आणि मग आगीपासून वाचवायला घातलेली स्लीव्हच पेट घेते.

एक्झॉस्टजवळून जाणं टळत नसेल तर मध्ये पत्र्याची उष्णतारोधक आड लावा. इंधन बंद करायचा वाल्व्ह मात्र केबिनच्या बाजूलाच हवा. आगीच्या बाजूचा वाल्व्ह आगीत काय कामाचा?

न दिसणारी गळती

इंजिनावरचा पंप इंधन ओढत असतो, त्यामुळे त्याच्या आधीचा ढिला जोड बाहेर थेंब टाकत नाही, उलट हवा आत घेतो. इंजिन अडखळतं, प्रेशरचा काटा नाचतो आणि जोड कोरडा ठणठणीत. टाकीजवळचा इलेक्ट्रिक पंप सुरू केला की सगळं सुरळीत होतं, म्हणून लोक त्या पंपाला दुवा देऊन विषय संपवतात. इंजिन बंद ठेवून तोच पंप चालवा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा कागद धरा. आता दाब आतून असल्यानं दोषी जोड ओलावतो. इंधन अॅवगॅस १०० एलएल (विमानाचं निळं पेट्रोल) असेल तर सुकल्यावर राहिलेला निळसर डागही चुगली करतो.

पण हीच लक्षणं नळीत वाफ झाल्यावरही दिसतात आणि इलेक्ट्रिक पंपानं तीही जातात. फरक वेळेत सापडतो. गार सकाळी पहिल्याच स्टार्टला त्रास असेल तर हवेचा संशय घ्या. कडक उन्हात, जमिनीवर बराच वेळ आयडलवर थांबल्यावर सुरू होत असेल तर वाफेचा. मग नळीचा मार्ग आणि उष्णतेची आड तपासा.

उड्डाणाआधी प्रवाह मोजाच. विमानाचं नाक सर्वाधिक चढणीच्या कोनापेक्षा ५ अंश जास्त उचला, टाकीत कमीत कमी इंधन ठेवा, कार्ब्युरेटरकडची नळी सोडून भांड्यात धरा. काम उघड्यावर करा, विमान आणि भांडं तारेनं जोडून अर्थिंग करा, अग्निशामक हाताशी ठेवा. पंपाच्या व्यवस्थेत टेकऑफच्या खपाच्या १२५ टक्के, निव्वळ गुरुत्वाकर्षणावर १५० टक्के प्रवाह हवा. टेकऑफला तासाला २७ लिटर पिणारं इंजिन धरलं तर पंपानं १ लिटर १०७ सेकंदांत आणि गुरुत्वाकर्षणावर ८९ सेकंदांत भरलं पाहिजे. वेळ जास्त लागला तर फायरवॉलचं फिटिंग खोलून आत बघा: सीलंटचा तुकडा, होज बसवताना सोललेली रबराची साल किंवा ड्रिलचा कीस.