बॉबिन लेस: हाताने विणायची आणि जुन्या चित्रांत ओळखायची

डच चित्रकार व्हर्मीरचं 'लेस विणणारी' हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. साधारण 1669-70 मधलं, आणि आकार जेमतेम 24 बाय 21 सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या वहीएवढा. त्यात पिवळ्या पोशाखातली एक मुलगी मान खाली घालून दोन बोटांत ताणलेले दोरे धरून बसली आहे. पाहणाऱ्याची नजर आधी जाते ती समोर सांडलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांकडे, आणि तीच लेस असं वाटून जातं. ते दोरे शिवणाच्या उशीतून बाहेर आलेले आहेत; लेसशी त्यांचा संबंध नाही. लेस तिच्या हाताखाली आहे आणि चित्रकाराने ती जवळजवळ दाखवलेलीच नाही. अशी चित्रं नीट वाचायची असतील तर एकदा तरी स्वतः बॉबिन हलवायला हव्यात. एक साधी पट्टी पुरते.

क्रोशाची लेस एका दोऱ्याने आणि आकड्याने होते. सुईची लेस एका दोऱ्याने आणि सुईने. बॉबिन लेस मात्र अनेक दोऱ्यांची असते. प्रत्येक दोरा एका छोट्या लाकडी दांडीवर, म्हणजे बॉबिनवर, गुंडाळलेला, आणि या दांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून टाकत जायचं. ते विणकामच आहे, पण माग नाही. मागाचं काम टाचण्या करतात.

काय काय लागतं

उशी घट्ट हवी. 40 ते 45 सेंटीमीटर व्यासाची, मध्ये किंचित फुगीर. गच्च भरलेला पेंढा उत्तम, पण सुरुवातीला पॅकिंगचा 5 सेंटीमीटर जाडीचा कडक फोमही चालतो. मऊ कापसाची उशी चालत नाही, कारण टाचणी तिच्यात डुलते आणि टाचणी डुलली की कडा वाकडी होते. वर गडद निळं किंवा हिरवं, तंतू न सुटणारं सुती कापड ताणून बसवा. पांढऱ्या दोऱ्यामागे गडद रंग असला तर डोळे कमी थकतात.

बॉबिन 18 लागतील, दोन-तीन जास्त ठेवा. विकतच्या नसतील तर सारख्या लांबीच्या लाकडी काड्या किंवा पेन्सिली चालतात, फक्त सगळ्यांचं वजन सारखं असावं. वजनानेच दोरा ताणलेला राहतो. इंग्लंडच्या मध्य भागातल्या बॉबिनांना टोकाला मण्यांचं कडं असतं. ते शोभेपुरतं नाही, त्यामुळे वजन वाढतं आणि बॉबिन घरंगळत नाही. गोल काडी घेतली तर ती सारखी उलटेल आणि दोऱ्याचा पीळ सुटेल किंवा वाढेल. एका बाजूने थोडी तासून चपटी केलीत तर हा त्रास वाचतो.

टाचण्या साधारण 30 मिलिमीटर लांब, बारीक, गंज न धरणाऱ्या. स्वस्त टाचणीचा मुलामा निघाला की पांढऱ्या लेसवर तांबूस ठिपका उमटतो आणि तो धुऊनही जात नाही.

दोरा निवडताना बहुतेकांची चूक होते. नमुन्याच्या मानाने दोरा जाड झाला तर पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, बारीक झाला तर चाळणी होते. म्हणून दोरा मोजपट्टीवर शेजारी शेजारी, न दाबता गुंडाळा आणि 1 सेंटीमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजा. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मे दोरे घ्यायचे, म्हणजे दोऱ्याइतकीच मोकळी जागा उरते. सेंटीमीटरला 16 वेढे बसणारा सुती दोरा या सरावाला योग्य. 2 सेंटीमीटर रुंदीत 32 दोरे खच्चून बसतील, त्याचे निम्मे 16, म्हणजे उभ्या दोऱ्यांच्या 8 जोड्या. आडव्या दोऱ्याची एक जोडी धरून 9 जोड्या, 18 बॉबिन.

नमुना

जाड पुठ्ठ्यावर 15 सेंटीमीटर लांब, 2 सेंटीमीटर अंतरावर दोन समांतर रेघा मारा. डाव्या रेघेवर दर 5 मिलिमीटरला ठिपका द्या. उजवीवरही तितक्याच अंतराने, पण पहिला ठिपका 2.5 मिलिमीटर खाली. ठिपके असे तिरपे पडायलाच हवेत, कारण आडवी जोडी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे जात खाली उतरते. प्रत्येक ठिपका सुईने आधीच टोचून ठेवा. न टोचता थेट टाचणी घुसवली तर ती कडेला सरकते आणि पुढे सगळी वीण तिच्या मागे जाते.

गुंडाळणं

जोडी म्हणजे एकाच दोऱ्याची दोन टोकं, दोन बॉबिनांवर. मधल्या भागात गाठ नसते. उभ्या जोड्यांना प्रत्येकी सव्वा मीटर दोरा पुरतो. आडव्या जोडीला जास्त लागतो: 15 सेंटीमीटरमध्ये 60 फेऱ्या, प्रत्येक फेरी 2 सेंटीमीटर, त्यात टाचणीभोवतीचा वळसा, शेवटची शिल्लक. तिच्यासाठी 4 मीटर ठेवा. दोरा मधोमध संपला तर नवा जोडता येतो, पण पहिल्याच पट्टीत ती कटकट नको.

गुंडाळताना दोरा आडव्या बॉबिनवर सारख्या दिशेने, घट्ट, न चढवता भरा. शेवटी दोऱ्याचा एक फास करून बॉबिनच्या मानेवर अडकवा आणि ओढा. हा फास दोरा सुटू देत नाही, पण बॉबिन फिरवली की हवा तेवढा दोरा मोकळा करतो. दोरा आपोआप सुटत असेल तर फास उलट्या दिशेचा पडला आहे. आडव्या जोडीचा दोरा मुद्दाम रंगीत घ्या. त्याचा उपयोग पुढे कळेल.

दोनच हालचाली

बॉबिन लेसमधलं सगळं काही दोन हालचालींतून होतं. चार बॉबिन समोर ठेवा आणि डावीकडून 1, 2, 3, 4 म्हणा. हे आकडे जागांचे आहेत, बॉबिनांचे नव्हेत. दर हालचालीनंतर पुन्हा डावीकडून मोजायचं. 'क्रॉस' म्हणजे 2 ची बॉबिन 3 वरून टाकणं, मधले दोन दोरे डावा वर उजवा खाली. 'पीळ' म्हणजे 2 ची 1 वरून आणि 4 ची 3 वरून, दोन्हीकडे उजवा वर. क्रॉस मधल्या दोघांत, पीळ जोडीच्या आत. यात दिशा चुकली की टाका दिसतो बरोबर पण बसतो वेगळा.

क्रॉस, पीळ, क्रॉस झाला की कापड टाका. रंगीत जोडी डावीकडून येते आणि उजवीकडे निघते, उभी जोडी तिच्या मागे डावीकडे राहते, जसा ताणाबाणा. क्रॉस, पीळ एवढ्यावर थांबलं तर अर्धा टाका, त्याची जाळी तिरपी आणि पारदर्शक. दोन्ही दोनदा केले की पूर्ण टाका. जुन्या लेसमधलं 'भरीव' आणि 'धूसर' यांतला फरक बहुतेक एवढाच आहे.

पट्टी सुरू करताना नमुन्याच्या वर सेंटीमीटरभर अंतरावर 8 तात्पुरत्या टाचण्या ओळीने लावा आणि एकेक उभी जोडी लटकवा. रंगीत जोडी डावीकडच्या पहिल्या टाचणीवर. आता रंगीत जोडी आणि पहिली उभी जोडी यांत कापड टाका, मग रंगीत आणि दुसरी, असं आठही जोड्यांतून उजव्या कडेला. तिथे रंगीत जोडीला दोन पीळ द्या, उभ्या जोड्या आणि रंगीत जोडी यांच्या मध्ये टाचणी टोचा, आणि रंगीत जोडी टाचणीच्या बाहेरून वळवून परत आणा. तेच टाके, आता उजवीकडून डावीकडे. दिशा बदलली तरी क्रॉसमध्ये डावाच दोरा वर असतो. परतीला उलटा क्रॉस करणारे पुष्कळ असतात. चार-पाच टाचण्यांनंतर वरच्या तात्पुरत्या काढा आणि दोऱ्यांची टोकं हळूच खाली ओढून वीण बसवा.

टाचण्या निम्म्या खोल जाव्यात. कडेच्या टाचण्या किंचित बाहेर आणि मागे कललेल्या असाव्यात, कारण दोऱ्यांचा ओढा आत आणि तुमच्या दिशेने असतो. दर दोन टाचण्यांनंतर उभ्या जोड्या हलक्या हाताने खाली ओढा, बोटं केसांत फिरवावीत तशी. सगळा ताण रंगीत जोडीवर दिला तर कडा आत खेचली जाते आणि पट्टीला कंबर पडते. काहीच ताण दिला नाही तर उभे दोरे फुगून बाहेर येतात. हात ठरायला साधारण 5 सेंटीमीटर जातात. ते विणलेले टाकून देण्यात कमीपणा नाही.

चूक कुठे आणि का

रंगीत दोरा इथे कामाला येतो. कापड टाक्यात दोन्ही रंगीत दोरे कायम एकत्र राहतात. एक रंगीत दोरा उभा खाली उतरताना दिसला, तर त्या जागी एक क्रॉस राहिला आहे. एका जागी दोन पांढरे दोरे सरळ समांतर दिसले आणि शेजारी पोकळी पडली, तर एक उभी जोडी वगळली गेली आहे. कडेला सैल फास लटकत असेल तर टाचणी रंगीत जोडीच्या दोन दोऱ्यांमधून गेली आहे.

उपाय एकच: उसवणं. शेवटची हालचाल आधी उलटायची, टाचणी काढायची, मग त्याआधीची. घाईत दोरे ओढले तर गुंता होतो. चूक दोन ओळी मागे असेल तर उसवा. दहा ओळी मागे असेल आणि पट्टी सरावाची असेल तर पुढे जा. दोरा तुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच जागा असते: टाचणीच्या बुडाशी दोरा दबलेला असताना बॉबिन ओढली.

दुसरी पट्टी त्याच नमुन्यावर अर्ध्या टाक्याने करा. आता एकच रंगीत दोरा इकडून तिकडे जाईल, त्याचा जोडीदार तिरपा पांढऱ्यांत हरवेल. हे बरोबर आहे, घाबरू नका. कडेला टाका संपल्यावर रंगीत दोऱ्याच्या जोडीला एक जादा पीळ द्या, मग टाचणी.

विणून झाल्यावर लेस रात्रभर टाचण्यांतच ठेवा, मग टाचण्या सरळ वर उपसा. खाली 8 सेंटीमीटर दोरे ठेवून ते कापा आणि बॉबिन सोडवा, शेजारच्या दोऱ्यांना गाठी मारा किंवा सगळ्यांचा गोंडा बांधा. पुस्तकातली खूणपट्टी तयार.

चित्रांकडे परत

आता व्हर्मीरचं चित्र पाहा. तिचे दोन्ही हात कामात गुंतलेले, दोरे ताठ, नजर त्या दोऱ्यांवर. हा नुसता बसण्याचा क्षण नाही, ताण देण्याचा क्षण आहे. उजेड तिच्यावर उजवीकडून येतो. व्हर्मीरच्या बहुतेक चित्रांत तो डावीकडून असतो. लेसला बाजूचा, खालचा उजेड लागतो हे विणणाऱ्याला माहीत असतं, कारण डोक्यावरच्या दिव्यात पीळ दिसत नाहीत. मेणबत्तीच्या काळात ज्योतीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवून उजेड कामावर एकवटत असत.

कास्पर नेट्शरच्या 1662 च्या चित्रात (लंडनचं वॉलेस कलेक्शन) बाई तोंड बरंचसं वळवून बसली आहे आणि बूट जमिनीवर पडले आहेत. निकोलास मासच्या, साधारण 1656 च्या चित्रात (न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय) विणणारीशेजारी उंच खुर्चीत बाळ आहे. अशा चित्रांत लेस विणणारी म्हणजे शांत, घरात रमलेली, सद्गुणी स्त्री. पण या कामाने बाजारही चाले. व्हेनिसमध्ये 1557 मध्ये बॉबिन लेसच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं, आणि 1561 च्या झुरिकच्या नमुना-पुस्तकात ही कला व्हेनिसहून 1536 मध्ये आल्याचं लिहिलं आहे.

तयार लेस पाहायची असेल तर चित्रांत विणणाऱ्या बायका नाही, तर ती घालणारे पुरुष शोधा. फ्रान्स हाल्सच्या 1624 च्या 'हसऱ्या सरदारा'ची कॉलर आणि बाह्या, रेम्ब्रांटच्या 1634 च्या मार्टेन सोल्मान्सच्या खांद्यांवर पसरलेली कॉलर. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठं चित्र घ्या आणि असं वाचा. कडेच्या एका कंगोऱ्यापासून पुढच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. चित्रातला तळहात सुमारे 8 सेंटीमीटर रुंद धरला की खरा आकार येतो. आता तो कंगोरा आलेख कागदावर काढा. पूर्ण पांढरा दिसतो तिथे कापड टाका, करडा दिसतो तिथे अर्धा, आणि पाठीमागचा काळा पोशाख दिसतो तिथे जाळी. दोऱ्यांची संख्या मोजू नका. चित्रकाराने ठिपके टाकलेत, दोरे विणले नाहीत. मोजलं तर प्रत्येक कंगोऱ्यात वेगळी संख्या येते.

बॉबिन की सुई, हे ओळखताना भरीव भागाकडे पाहा. बॉबिन लेसमध्ये पट्टी वळणांतून वाहत जाते, कारण दोरे सलग असतात. चौकोन, तारे आणि कोपरे नेमके असतील तर बहुधा सुईची लेस. सोळाव्या शतकाच्या शेवटी चुणीदार गोल कॉलरींवर ती खूप दिसते. 1650 नंतर व्हेनिसची जाड, उठावाची सुईची लेस आली आणि तिची नक्कल इतकी झाली की ग्रिन्लिंग गिबन्सने 1690 च्या सुमारास लाकडात तसा गळपट्टा कोरला. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने 1769 मध्ये तो लाकडी गळपट्टा गळ्यात घालून पाहुण्यांचं स्वागत केलं होतं. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्यावर टाके मोजण्याचा मोह आवरणं अवघड आहे.