गाडी तापते म्हणताय, पण कधी तापते?

गाडी तापते म्हणून कोणी आलं की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, कधी तापते? माणूस वैतागतो. गाडी बघायचं सोडून हा चौकशा काय करतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. पण इतकी वर्षं हेच काम करतोय, अर्धा आजार या एका उत्तरात सापडतो.

सिग्नलला, रांगेत उभं असताना इंजिनच्या तापमानाचा काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की खाली येतो? मग पंखा बघा. धावत्या गाडीच्या रेडिएटरला, म्हणजे इंजिनमधलं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीला, वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच पुरवायचा असतो. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग मोटर. एसीला फिरतो पण नुसतं इंजिन तापलं तर फिरत नाही, तेव्हा संशय तापमानाच्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. हात मात्र लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

उलट, गावात बरी चालते आणि हायवेला किंवा लांबच्या चढावर तापते, तर पंख्याला दोष देऊ नका. तिथे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, पुरेसं फिरत नाही, नाहीतर रेडिएटर उष्णता बाहेर टाकत नाही. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापलं की त्याला वाट देणारी झडप, अर्धाच उघडतो, रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने भरलेल्या असतात. अशीच एक गाडी आली होती. थर्मोस्टॅट बदलून झाला होता, पंपही बदलला होता, तरी चढावर काटा वरच. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ. पण पुढून दिसतो तो एसीचा कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे असतो. मागून पंख्याच्या पात्यांतून टॉर्च मारला, पुढे उजेडाचा ठिपकासुद्धा आला नाही. दोन्ही सुटे केले तर मधे चिखल, कीटक आणि बारीक पाचोळा यांचा वाळलेला थर, नखाने पापुद्रे निघत होते. धुतलं, बसवलं, गाडी बरी झाली. दोन नवे सुटे भाग फुकट गेले ते गेलेच.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा चढला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. किंवा नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत हवा अडकलीय. थर्मोस्टॅट घरीच तपासता येतो. त्याच्यावर 82, 88 असा आकडा कोरलेला असतो, त्या तापमानाला तो उघडायला लागतो. दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात लोंबकळत ठेवा, सोबत थर्मामीटर, आणि पाणी तापवा. आतलं मेण वितळून फुगतं आणि झडप सरकते, डोळ्यांना दिसतं. काही मेकॅनिक सरळ सांगतात, काढूनच टाका. मला हे अजिबात पटत नाही. मग इंजिन वेळेवर तापत नाही, इंधन जास्त पितं, हीटर कोमट राहतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

आता झाकणाविषयी. रेडिएटरचं झाकण आत साधारण 1 बार जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, आणि बाकी सगळं ठणठणीत असून कूलंट उकळतं. हाच दाब गरम झाकण उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. दाब सुटताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होते. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जो डाग आहे तो शिकाऊ असताना केलेल्या घाईचा. फडकं धरलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली की बाजूला घेऊन इंजिन बंद. हीटरमधून थंड हवा आली तरी थांबाच, कूलंट उरलेलं नाही. आणि काट्यावर फार विसंबू नका. कूलंट सगळं गळून गेलं तर सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काटा चक्क खाली येतो. तासभर थांबा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

गळती कुठेच दिसत नाही आणि कूलंट मात्र कमी होतं, हे सगळ्यात वाईट. थंड गाडीत कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मारा, आठवड्याने त्याच वेळी बघा. पातळी उतरली, खाली थेंब नाही, सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर येतो आणि तो लवकर थांबत नाही, टाकीत बुडबुडे येतात. एवढं जुळलं की हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असतं. ऑइलच्या झाकणाखालचा दुधाळ थर मात्र एकटा पुरावा धरू नका, थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो.

मागच्या वेळी असं हेड खोललं तेव्हा गाडीमालकाला जवळ बोलावलं. तीन पिस्टनवर काळीकुट्ट काजळी, आणि दोन नंबरचा घासून ठेवल्यासारखा चकचकीत. आत झिरपलेल्या कूलंटची वाफ त्याला रोज धूत होती.