भट्टीचे तापमान संगणकावर घेताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे आणि होनगा भागांत ओतकाम व उष्मोपचार करणाऱ्या लहान कारखान्यांत आता भट्टीचे तापमान थेट संगणकावर घेण्याची पद्धत रुळू लागली आहे. आकडा चुकू लागला की पहिला संशय सेन्सरवर आणि दुसरा प्रोग्रॅमवर घेतला जातो, परंतु दोष बहुतेक वेळा या दोहोंच्या मधल्या वायरीत सापडतो.

थर्मोकपलच्या (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमानाच्या सेन्सरच्या) डोक्यापासून, म्हणजे भट्टीबाहेरील जोडणीच्या डबीपासून, पॅनलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढणे ही सर्वांत रुळलेली चूक आहे. थर्मोकपल भट्टीतील टोक आणि डोके यांच्या तापमानातील फरक मोजते, आणि पॅनलमधील यंत्र स्वतःजवळचे तापमान त्यात मिळवते. डोके भट्टीच्या झळीने ६० अंशांवर आणि पॅनल ३० अंशांवर असेल, तर तांब्याच्या वायरीमुळे मधले ३० अंश हिशेबातून गळतात आणि भट्टी प्रत्यक्षाहून तेवढी थंड दिसते. यासाठी थर्मोकपलच्या प्रकाराचीच कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलसारख्याच गुणांच्या धातूंची केबल) वापरावी. ती घेतानाही रंगांकडे लक्ष द्यावे, कारण अमेरिकी पद्धतीच्या केबलमध्ये लाल वायर ऋण असते, आणि आपल्याकडील वायरमनचा हात सवयीने लाल वायर धन टर्मिनलकडे नेतो. केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली गेली तर आकडा विश्वासार्ह वाटतो, पण याच उदाहरणात तो सुमारे ६० अंशांनी कमी असतो. एकाच टोकाला उलटी झाली तर भट्टी तापताना आकडा खाली येतो, म्हणून ती चूक तरी लगेच उघडी पडते.

शंका आल्यास केबल डोक्यापाशी सोडवून मल्टिमीटर लावावा. के प्रकारचे थर्मोकपल असेल, भट्टी ८५० अंशांवर आणि डोके ४० अंशांवर असेल, तर सुमारे ३३.७ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. तेवढे दिसत असतील तर सेन्सर बदलण्याचा खर्च वाचला.

हे सिग्नल इतके बारीक असतात की शेजारून जाणाऱ्या मोटरच्या किंवा इंडक्शन भट्टीच्या वायरी त्यांना सहज बिघडवतात. सिग्नलची केबल वेगळ्या ट्रेमधून न्यावी, पॉवरची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी, आणि शील्ड (केबलवरील धातूचे वेष्टन) एकाच टोकाला, शक्यतो पॅनलच्या बाजूला, अर्थ करावी. दोन्ही टोकांना अर्थ केल्यास दोन अर्थिंगमधील फरकामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहतो. अंतर जास्त असेल तर सरळ ट्रान्समीटर (सेन्सरच्या सिग्नलचे प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र) बसवून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल घ्यावा. संगणकाच्या कार्डाला २५० ओहमच्या रोधातून १ ते ५ व्होल्ट मिळतात. ३.३ व्होल्टच्या छोट्या बोर्डासाठी मात्र १५० ओहमच घ्यावेत, नाहीतर पिन जळेल.

वाचन किती वेळाने घ्यायचे, हाही मुद्दा दुर्लक्षिला जातो. विजेची वारंवारता ४९.९५ हर्ट्झ असताना सेकंदाला दहा वाचने घेतली, तर वायरीत शिरलेली वीज २० सेकंदांच्या संथ लाटेसारखी दिसते, आणि भट्टीच हेलकावे खात असल्याचा समज होऊन कंट्रोलरची सेटिंग्ज विनाकारण बदलली जातात. प्रत्येक वाचन २० मिलिसेकंदांची किंवा त्याच्या पूर्ण पटीतील सरासरी असावे.

तपासणीसाठी उकळते पाणी १०० अंश धरण्याची पद्धत येथे चालत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, आणि त्याला १०० मानून केलेली दुरुस्ती चांगल्या सेन्सरला खोटे ठरवते. बर्फ-पाण्याचा शून्य अंश अधिक भरवशाचा आहे, मात्र बर्फ भरपूर आणि बारीक फोडलेला हवा.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, डोक्याच्या डबीत ओल शिरून आकडा भरकटतो. ग्लँड (केबल डबीत शिरते तिथली घट्ट बसणारी जोडणी) घट्ट करावी व केबल खालून आत घ्यावी.

नियंत्रणातली चूक सर्वांत महाग पडते. वायर तुटली आणि प्रोग्रॅमने ते वाचन शून्य अंश मानले, तर तो भट्टी थंड समजून हीटर पूर्ण चालू ठेवील. तुटलेल्या थर्मोकपलसाठी आकडा वरच्या टोकाला जाईल अशी सेटिंग निवडावी, आणि ट्रान्समीटर असेल तर ४ मिलिअँपिअरपेक्षा स्पष्टपणे कमी प्रवाह म्हणजे बिघाड समजून हीटर बंद करावेत. शिवाय कमाल तापमानाला कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पाडणारा स्वतंत्र कंट्रोलर, स्वतःच्या वेगळ्या थर्मोकपलसह बसवावा, कारण विंडोज अपडेटसाठी संगणक मध्येच बंद झाला तरी भट्टी तापतच राहते.